जॅझ आणि जेवणाची टेबले

जॅझ संगीताच्या इतिहासात वाद्यांची चर्चा भरपूर असते, टेबलांची फारशी नसते. माझ्या घराण्यात पाटी-पेन्सिल हाती धरणारा मी पहिला. कोण कुठे बसला आणि कोणाला उभे ठेवले, हे आधी पाहण्याची सवय मला पुस्तकांनी लावलेली नाही. म्हणून न्यूयॉर्कमधल्या दोन जेवणघरांविषयी लिहितो.

हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत, लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यू आणि 142 व्या रस्त्याच्या नाक्यावर 1923 साली 'कॉटन क्लब' सुरू झाला. मालक ओनी मॅडन, दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर झालेला गोरा गुंड. वाजवणारे, नाचणारे, वाढणारे काळे, जेवणारे गोरे. एखाद्या नामवंत काळ्याचा अपवाद होई, इतकेच. ड्यूक एलिंग्टनसारखा थोर संगीतकार 1927 पासून 1931 पर्यंत तिथे वाजवीत होता. त्याचे सूर रेडिओवरून देशभर जात, पण क्लबच्या शेजारी राहणाऱ्या काळ्या माणसाला पैसे मोजूनही आत खुर्ची मिळत नसे. क्लबच्या नावातला 'कॉटन' म्हणजे ज्याच्या शेतात गुलामांची हाडे झिजली तोच कापूस. सजावटही दक्षिणेतल्या मळ्याची. गुलामी 1865 साली कायद्याने संपली होती. साठ वर्षांनी तिचाच देखावा मांडून जेवणाची बिले वसूल होत होती. नाचासाठी मुली निवडायच्या त्याही उजळ वर्णाच्या!

आपल्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको. तमाशाच्या कनातीत दौलतजादा उधळणारा गावचा पाटील सकाळी त्याच महार-मांग कलावंतांच्या ओंजळीत पाणी वरून ओतीत असे.

डिसेंबर 1938 मध्ये ग्रीनिच व्हिलेजच्या शेरिडन चौकात, एका तळघरात, 'कॅफे सोसायटी' उघडले. बार्नी जोसेफसन हा मालक ज्यू, पूर्वी जोडे विकणारा. त्याने काळे-गोरे केवळ स्टेजवरच नव्हे, टेबलांवरही एकत्र बसवले. गायला होती बिली हॉलिडे. त्याच वर्षी आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदात गात असताना तिला न्यूयॉर्कच्याच एका बड्या हॉटेलात मालवाहू लिफ्टने ये-जा करायला लावले होते. दक्षिणेत नव्हे, न्यूयॉर्कमध्ये!

या तळघरात 1939 साली तिने 'स्ट्रेंज फ्रूट' गायले. दोन काळ्या तरुणांना 1930 साली इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी जमावाने तुरुंगातून ओढून काढून झाडाला लटकावले होते. त्याचे छायाचित्र पाहून एबल मीरोपोल या शाळामास्तराने कविता लिहिली आणि 1937 मध्ये ती शिक्षक-संघटनेच्या मासिकात छापून आली. शिक्षकांच्या मासिकात, हे आपल्यातल्या मास्तर मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावे. गाणे सुरू होण्यापूर्वी वाढप बंद होई, दिवे मालवले जात, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत राही. गाणे संपताच काळोख, आणि दिवे लागतात तो ती निघून गेलेली. पुन्हा गाण्याची फर्माईश चालत नसे. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, ध्वनिमुद्रणास नकार दिला. कमोडोर या लहान कंपनीने ते केले.

काही टीकाकार म्हणतात की, हाही गोऱ्या सज्जनांचा पश्चात्ताप, दारूच्या घोटाबरोबर घेतलेला. मला हे पुरते पटत नाही. शेजारच्या टेबलावर काळा माणूस बसलेला असताना ते गाणे ऐकणे आणि तो दाराबाहेर असताना ऐकणे यांत फरक आहे, आणि सत्ताधाऱ्यांनी तो बरोबर ओळखला. मीरोपोलला शिक्षकांची झडती घेणाऱ्या सरकारी समितीपुढे बोलावून विचारण्यात आले की, या गाण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने तुला पैसे दिले का? जोसेफसनचा भाऊ लिऑन कम्युनिस्ट होता. 1947 मध्ये त्याने संसदीय चौकशी समितीपुढे साक्ष नाकारली, त्याला तुरुंगवास झाला. वृत्तपत्रे बार्नीवर तुटून पडली, गिऱ्हाईक आटले आणि थोड्याच काळात कॅफे सोसायटी त्याच्या हातून गेले.