गुरुवारचा प्रेक्षक
(दुबई-शारजातील चित्रपटरसिकांचा एक इतिहास)

मुंबईत निर्माण झालेला हिंदी चित्रपट भारतात शुक्रवारी प्रदर्शित होतो. दुबई, शारजा व अबूधाबी या शहरांत मात्र तो बहुधा आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारीच पडद्यावर येतो. याचे कारण साधे आहे. आखातात शुक्रवार हा विश्रांतीचा वार. तेव्हा गुरुवारची रात्र ही सुटीची पहिली रात्र ठरे, आणि चित्रगृहांचे सारे गणित तिच्यावरच बेतलेले असे. 2022 पासून संयुक्त अरब अमिरातींनी सरकारी सुटी शनिवार-रविवारवर नेली, तरी गुरुवारचा हा रिवाज पुष्कळसा टिकून राहिला. त्याचा एक मौजेचा परिणाम असा की, गिरगावातला वा परळातला रसिक तिकिटाच्या खिडकीपाशी पोहोचण्यापूर्वीच ‘चित्रपट कसा आहे’ याचा निर्वाळा त्यास समुद्रापलीकडून मिळू लागला. तो देणारा मनुष्य कोण? कधी एखाद्या पेढीतला हिशेबनीस, कधी टॅक्सीचालक, तर कधी इमारतीच्या बांधकामावर लोखंडी गज बांधणारा कोकणातला तरुण.

या तरुणास पहिला अभिप्रायकर्ता होण्याचा मान कसा मिळाला हे समजण्यासाठी काही दशके मागे गेले पाहिजे; कारण पूर्वी स्थिती नेमकी उलट होती.

1932 साली ब्रिटिशांच्या इंपीरियल एअरवेज कंपनीने शारजा येथे आपल्या विमानांचा थांबा स्थापन केला. त्या वाळवंटी विमानतळावर 1937 साली ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा एक माहितीपट निघाला. म्हणजे तेथील रहिवाशांनी पडदा नीट पाहण्यापूर्वीच त्यांची भूमी पडद्यावर झळकली होती. पुढे 1940 नंतरच्या दशकात, याच विमानतळाच्या परिसरात, ब्रिटिश हवाई दलाच्या आश्रयाने उघड्यावरचे एक चित्रगृह सुरू झाले. आजच्या अमिरातींतील ते आद्य चित्रगृह समजले जाते. त्या काळी या किनाऱ्यावर व्यवहाराचे चलन भारतीय रुपया हेच होते. 1959 पासून भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाचे रुपये काढले, ते 1966 पर्यंत चालले. मोत्यांचा व्यापार मुंबईशी, धान्य व कापड मुंबईचे, तेव्हा करमणूकही मुंबईकडूनच यावी यात नवल ते काय!

परंतु ती यावयाची सावकाश. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘द्वारका’, ‘दुमरा’, ‘दरेसा’ ही जहाजे मुंबईहून कराचीमार्गे आखातात जात. त्यांचेच भावंड असलेले ‘दारा’ हे जहाज 8 एप्रिल 1961 रोजी दुबईनजीक स्फोट होऊन जळाले आणि दोनशेहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. पोट भरण्यासाठी निघालेली माणसे याच जहाजांच्या डेकवर बसून जात. आणि मुंबईत कोणता बोलपट गाजला, कोणता कोसळला, याची वार्ताही नव्याने उतरणाऱ्या अशाच उतारूंच्या तोंडून तिकडे पोहोचे. मत मुंबईचे आणि ऐकणारे कान आखाताचे, असा तो काळ. (‘द्वारका’ने 1982 पर्यंत ही सेवा केली, आणि भंगारात जाण्यापूर्वी ‘गांधी’ या चित्रपटात तिने जहाजाचीच भूमिका केली. आयुष्यभर प्रेक्षक वाहून नेणाऱ्या जहाजास अखेरीस पडदा लाभला!)

ज्यांच्या पूर्वजांनी असाच डेकवरचा प्रवास करून मॉरिशसच्या आप्रवासी घाटावर पाय ठेवला, त्या वाचकांस येथे काही ओळखीचे वाटेल. मॉरिशसला गेलेले मराठी मजूर बव्हंशी कोकणचे, रत्नागिरीच्या मुलखातले. 1970 नंतर आखाताची वाट धरणाऱ्या मराठी माणसांतही रत्नागिरी व रायगड येथील लोकांचा, त्यांतही कोकणी मुसलमानांचा, भरणा मोठा होता. तोच लाल मातीचा किनारा, तीच पोटाची विवंचना. येथेही मुदतीचा करार, येथेही राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी जखडलेला, येथेही एका खोलीत अनेकांचे बिछाने. तथापि ही तुलना फार ताणू नये. ऊसमळ्यातील शर्तबंद मजुराची पुढची पिढी त्या देशाची नागरिक झाली. आखातातल्या कामगारास मात्र करार संपताच परतावे लागते, आणि त्याच्या मुलांना ती भूमी आपली म्हणता येत नाही. त्यामुळे तेथे त्याच्या मुक्कामाची खूण सांगणाऱ्या वस्तू थोड्याच. बर दुबईचे एक चित्रगृह ही त्यांपैकी एक होती.

त्याचे नाव प्लाझा. अल घुबैबाच्या बसस्थानकाजवळ उभे असलेले हे एकपडदा चित्रगृह पुढे ‘गोल्डन सिनेमा’ या नावाने चालले. सुटीच्या दिवशी दूरदूरच्या वसाहतींतून कामगार बसने येथे येत. खाडीपलीकडच्या देराहून येणारे ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होडीने उतरत. तेथे मल्याळी, पंजाबी, बंगाली, तेलुगू, मराठी असे सर्व मिळत, आणि चर्चा चाले ती हिंदीत. तीही कुठल्या पाठ्यपुस्तकातली नसून चित्रपटांतूनच शिकलेली. त्या गर्दीत पाकिस्तानी कामगारही असत, आणि ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. 1965 च्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांना बंदी झाली, ती सुमारे चार दशके टिकली. लाहोरच्या चित्रगृहात जे पाहता येत नव्हते ते पेशावरचा वा सियालकोटचा माणूस दुबईत, भारतीय माणसाच्या शेजारी बसून पाहत असे, आणि खेळ सुटल्यावर त्याच्याशीच वादही घालत असे. दोन सरकारांना जे साधले नाही ते करक चहाच्या एका पेल्यावर साधून जाई, असे म्हटल्यास ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये.

या रसिकांची कसोटी कोणती होती? शिष्ट समीक्षक ज्याची थट्टा करतात ते ‘पैसा वसूल’ हे शब्द येथे अक्षरशः खरे होते. गावी पाठवावयाच्या रकमेतून काढलेल्या पैशांचे ते तिकीट. त्याचा मोबदला मिळाला की नाही याचा हिशेब चोख होणारच. गाणी किती, मारामारी कशी, आईचे दुःख खरे वाटले की ओढूनताणून आणलेले, हे तपासले जाई. घरापासून वर्षानुवर्षे दूर असलेल्या माणसास पडद्यावरची आई खोटी असली तर ते चटकन कळते; याबाबतीत त्याच्याएवढा कठोर परीक्षक शोधूनही सापडणार नाही.

1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून व्हिडिओ आला आणि चित्रगृह खोलीत शिरले. सर्वांनी वर्गणी काढून यंत्र भाड्याने आणावे आणि एका रात्रीत दोन-तीन चित्रपट संपवावेत, असा परिपाठ पडला. करार संपवून गावी परतणारा मनुष्य हे यंत्र सोबत नेऊ लागला, आणि कोकणातल्या कित्येक वाड्यांनी पहिला व्हिडिओ पाहिला तो आखाताच्या कृपेने. कोणती कॅसेट आणावयाची हे अर्थात आणणाराच ठरवी. अभिरुचीचा प्रवाह उलटा वाहू लागला तो येथून.

मल्याळी प्रेक्षक आणखी एका बाबतीत भाग्यवान ठरला. ‘विल्क्कानुंडु स्वप्नंगळ’ (1980) या एम. टी. वासुदेवन नायर यांच्या पटकथेवरील चित्रपटाचे चित्रण आखातातच झाले, आणि ‘पत्तेमारी’ने (2015) शिडाच्या होडीतून चोरवाटेने या किनाऱ्यास लागलेल्या पहिल्या पिढीची कथा सांगितली. आपलेच आयुष्य पडद्यावर पाहून त्यावर मत देण्याचा हक्क त्यास मिळाला. आखातातल्या मराठी माणसाकडे मराठी चित्रपटाने क्वचितच वळून पाहिले आहे.

2000 नंतर मोठमोठ्या बाजारसंकुलांत बहुपडदा चित्रगृहे आली. त्यांचे तिकीट व तेथला थाट बांधकाम-मजुराच्या आवाक्यापलीकडचा. दुबईच्या मुहैसना भागातील कामगारवस्तीस लोक ‘सोनापूर’ म्हणतात. मुंबईकराच्या कानास हे नाव वेगळेच लागते, कारण त्याचे सोनापूर म्हणजे स्मशान! अशा वसाहतींत 2007 पासून ‘कॅम्प का चॅम्प’ नावाची एक स्पर्धा भरू लागली. दिवसभर उन्हात राबलेले कामगार रात्री तेथे हिंदी चित्रपटगीतांच्या गायनात व चित्रपटज्ञानात एकमेकांशी झुंजत. महमूद काबूर या दिग्दर्शकाने या स्पर्धेवर ‘चॅम्प्स ऑफ द कॅम्प’ हा माहितीपट काढला, आणि 2013 च्या दुबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. 2004 साली सुरू झालेल्या त्या महोत्सवाच्या झगमगाटात, ज्यांना एरवी कोणी रसिक म्हटले नसते त्यांचे चेहरे त्या दिवशी पडद्यावर होते.

मराठी चित्रपटास ही भूमी उशिरा लाभली. 2010 साली महेश मांजरेकर यांच्या पुढाकाराने मराठी चित्रपट व रंगभूमीचा ‘मिक्टा’ पुरस्कार सोहळा दुबईत झाला. त्यापुढील दशकात निवडक मराठी चित्रपट तेथील चित्रगृहांत लागू लागले. बरेचदा ते एखादाच खेळ ठरवून, मंडळींनी आपसांत तिकिटे खपवून आणलेले असत. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (2016) महाराष्ट्रात घराघरांत वाद पेटविला. गाण्यांवर नाचून बाहेर आलेला प्रेक्षक त्या शेवटाने सुन्न होई. कोणी त्यास जातीचे विदारक सत्य म्हणे, तर कोणास ते मुलांसमोर नको वाटे. असा चित्रपट परदेशी पाहणाऱ्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. शेजारी बसलेला अरब वा मल्याळी सहकारी विचारतो, ‘तुमच्याकडे खरोखर असे घडते काय?’ तेव्हा चित्रपटावरचे मत बाजूस राहते, आणि आपल्या गावाविषयीच साक्ष द्यावी लागते.

प्लाझाची इमारत आता उरलेली नाही. 2010 नंतरच्या दशकात ते चित्रगृह बंद होऊन पाडले गेले. अबूधाबीच्या ‘एल डोराडो’चीही सद्दी संपली. सुटीच्या संध्याकाळी बर दुबईच्या रस्त्यांवर कामगारांचे घोळके मात्र पूर्वीप्रमाणेच जमतात. हातात फोन, कानाशी फोन. पलीकडून चिपळूणची वा खेडची कोणी बहीण नव्या चित्रपटाचे नाव घेऊन विचारते, ‘दादा, कसा आहे रे? उद्या आम्ही जाऊ का?’ आणि तो, आठवडाभर कोणाकडूनही कशाबद्दलही मत न विचारला गेलेला माणूस, जरा थांबून, विचार करून उत्तर देतो.