राज्य लिस्बनचे, रस्ता शेजाऱ्याचा

१ जून १९२८ रोजी पोर्तुगालने रस्त्याची बाजू बदलली. तोवर तिथली वाहने डावीकडून चालत. त्या दिवसापासून ती उजवीकडून चालू लागली. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. त्यामुळे गोव्यातल्या मोटारीही उजवीकडे गेल्या असतील, असे कोणालाही वाटेल. पण त्या गेल्या नाहीत. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त होईपर्यंत गोवा डावीकडूनच चालला आणि आजही तसाच चालतो. राज्य एक, झेंडा एक, आणि रस्त्याचे नियम मात्र दोन!

आमच्या ताथवड्यावरून मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो. याच रस्त्याने कोल्हापूर किंवा बेळगाव गाठून दरवर्षी हजारो गाड्या पुढे घाट उतरतात आणि गोव्यात शिरतात. हद्द ओलांडताना बाजूचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. तो येत नाही, याचे कारण १९२८ सालात आहे. म्हणूनच त्या सालाकडे जरा निरखून पाहायला हवे.

डावे-उजवे कसे ठरले याच्या अनेक कथा सांगितल्या जातात. घोडेस्वार तलवार उजव्या हाताने चालवी, म्हणून तो डावीकडून जाई, ही एक कथा. नेपोलियनने युरोपला उजवे वळण लावले, ही दुसरी. या कथा ऐकायला गोड आहेत, पण गोव्याचे कोडे त्यांनी सुटत नाही. तलवारी पोर्तुगालमध्येही होत्या आणि गोव्यातही.

कोडे सुटते ते नकाशा उघडल्यावर. पोर्तुगालला जमिनीवर एकच शेजारी आहे, स्पेन. तिथे आधी शहरागणिक वेगळी रीत होती. १९२४ मध्ये राजधानी माद्रिदनेही उजवी बाजू धरली. मोटारी वाढत होत्या, त्या हद्द ओलांडून जात-येत होत्या. शेजारी उजवीकडून चालत असताना आपण डावीकडून चालणे पोर्तुगालला परवडणारे नव्हते.

आता गोव्याचा नकाशा पाहू. उत्तरेला सावंतवाडी संस्थान, पूर्वेला बेळगाव जिल्हा, दक्षिणेला कारवार. बेळगाव आणि कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. इंग्लंडने १८३५ च्या कायद्याने डावी बाजू पक्की केली होती आणि इंग्रजांनी तीच इथे आणली. म्हणजे गोव्याच्या तिन्ही बाजूंना डावीकडून चालणारा मुलूख आणि चौथ्या बाजूला समुद्र.

बांद्याहून पत्रादेवीमार्गे पेडण्याला, बेळगावहून घाट उतरून आणि कारवारहून काणकोणला माणसांची ये-जा चालू होती. सोयरीक हद्दीपलीकडे होती, कुलदैवते पलीकडे होती, बाजारहाट पलीकडे होता. गोव्यात प्रवासी बसला पोर्तुगीज शब्दावरून ‘कारेर’ म्हणत. सावंतवाडीकडच्या माणसाला ती मोटारच होती. एकेरी वाटावी इतक्या अरुंद रस्त्यावर, घाटाच्या वळणावर, समोरासमोर आलेल्या दोन चालकांनी वेगवेगळ्या बाजू धरल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

तेव्हा लिस्बनने पोर्तुगालमध्ये बाजू बदलली आणि गोव्यात बदलली नाही, यात विसंगती दिसते ती वरवरची. दोन्ही ठिकाणी हिशेब एकच आहे: शेजारी ज्या बाजूने चालतो, ती बाजू. पोर्तुगीजांची दुसरी वसाहत मोझांबिक. तिच्या शेजारी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया डावीकडून चालत. मोझांबिकही डावीकडेच राहिले. मकावही डावीकडे राहिले. पूर्व तिमोर मात्र १९२८ मध्ये उजवीकडे गेले, पण डावीकडून चालणाऱ्या इंडोनेशियाने १९७५ मध्ये ते बळकावल्यावर पुन्हा डावीकडे आले.

हा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. एप्रिल १९२८ मध्ये सालाझार पोर्तुगालचे अर्थमंत्री झाले आणि पुढे हुकूमशहा बनले. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींवरचा लिस्बनचा फास आणखी आवळला. सभा, छापखाना, भाषण या सगळ्यांवर ज्या सत्तेने हात टाकला, तिने रस्त्याच्या बाजूला हात लावला नाही. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, असे ती जगाला सांगत राहिली. पण गोव्यातली प्रत्येक मोटार शेजारच्या मुलखाशी जुळवून घेत धावत होती.

मुक्तीनंतर गोव्यात चलन बदलले, टपाल बदलले, कचेऱ्यांची भाषा बदलली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मात्र घरातल्या व्यवहारांसाठी टिकून राहिली. रस्त्याच्या बाबतीत ना काही बदलावे लागले, ना टिकवावे लागले. चालकांना हाताची सवय मोडावी लागली नाही.

ही सवय मोडणे किती महाग पडते, ते स्वीडनला विचारावे. तिथे १९५५ च्या सार्वमतात ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी उजवीकडे जायला नकार दिला. तरीही ३ सप्टेंबर १९६७ ला देश उजवीकडे गेला, कारण नॉर्वे आणि फिनलंड हे दोन्ही शेजारी उजवीकडून चालत होते. आपल्या शेजारच्या म्यानमारने १९७० मध्ये बाजू बदलली. त्यामुळे मणिपूरमधल्या मोरेहून पलीकडच्या तामूला जाताना आजही बाजू बदलावी लागते. १९२८ मध्ये गोव्यात निर्णय वेगळा झाला असता, तर निदान १९६१ पर्यंत पत्रादेवीला हेच करावे लागले असते.

बाजूचा हा फरक गाडीच्या अंगातही उतरतो. डावीकडून चालणाऱ्या देशात चालक उजवीकडे बसतो, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे. समोरून येणारे वाहन त्याला नीट दिसते आणि ओव्हरटेक करताना अंदाज येतो. सिग्नलचे दिवे सर्रास नव्हते तेव्हा तो उजवा हात खिडकीबाहेर काढून खूण करी. स्टिअरिंग डावीकडे असेल, तर हात रस्त्याच्या कडेला निघतो आणि खूण इतरांना दिसत नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२० वे कलम नेमके यासाठीच आहे. डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची, तर तिला चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विजेवरचे सिग्नल हवे.

अशा गाड्या आमच्या पट्ट्याला नव्या नाहीत. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून २०१३ पासून मेक्सिकोसाठी डाव्या स्टिअरिंगच्या व्हेंटो गाड्या जाऊ लागल्या. मेक्सिको उजवीकडून चालतो. ज्या कामगाराने सकाळी डावीकडे स्टिअरिंग बसवले, तो संध्याकाळी उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या बसने घरी जातो. दोन्ही नियम त्याच्या हाताखालून जातात आणि दोन्ही बरोबर असतात. डावे शहाणे आणि उजवे वेडे, असे काही नाही. समोरचा ज्या बाजूची अपेक्षा करतो ती बाजू बरोबर, एवढेच त्यातले शास्त्र.

भारतानेही मान्य केलेल्या १९४९ च्या जिनिव्हा करारात हे स्पष्ट लिहिले आहे: एका दिशेने जाणारी सर्व वाहने एकाच बाजूने चालतील आणि ती बाजू त्या देशातल्या सर्व रस्त्यांवर एकच असेल. कोणती बाजू, ते ज्या त्या देशाने ठरवावे. करार सांगतो ते एवढेच की ती सगळीकडे एक असावी.

ताथवडे आणि पुनावळ्याच्या भुयारी मार्गांजवळ, भूमकर चौकात, महामार्गाच्या सेवा रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून पाहावे. वळसा वाचवायला दुचाक्या, रिक्षा, कधी पाण्याचे टँकरही उलट दिशेने येतात. त्याला आपण ‘राँग साइड’ म्हणतो आणि शिस्तीचा प्रश्न समजून सोडून देतो. पण गोव्याच्या हद्दीवर परक्या सत्तेलाही जे टाळावेसे वाटले, ते आपण इथे पाचशे मीटरच्या तुकड्यात रोज घडवतो: एकाच रस्त्यावर दोन देशांचे नियम. त्यात समोरून येणाऱ्याला कोणत्या देशात आहोत हे कळायला फार थोडा वेळ मिळतो.