धनुष्याचे लाकूड

धनुष्य म्हटले की आपल्याला आधी आठवते ते शिवधनुष्य, मग अर्जुनाचे गांडीव. कुणी अवघड काम अंगावर घेतले की आपण म्हणतो, शिवधनुष्य पेलले हो! पण धनुष्य करायला कोणते झाड घ्यायचे, ते कसे ओळखायचे, हे ज्यांना कळत होते त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. इतिहास शिकवताना माझे लक्ष नेहमी अशा माणसांकडे जायचे. लढाई राजाच्या नावावर जमा होते, लाकूड पारखणाऱ्याचे नाव कुठेच नसते. आज त्याच्याविषयी थोडेसे.

धनुष्य वाकवले की लाकडाला एकाच वेळी दोन उलट कामे करावी लागतात. बाहेरची, म्हणजे शत्रूकडची बाजू ताणली जाते आणि आतली, म्हणजे आपल्याकडची बाजू दाबली जाते. नुसते कडक लाकूड मोडते, नुसते लवचीक लाकूड वाकलेलेच राहते. हवे असते ते वाकून पुन्हा झटक्याने सरळ होणारे. युरोपात ‘यू’ नावाचा एक सदाहरित वृक्ष आहे, त्याच्यात निसर्गानेच ही सोय केलेली आहे. त्याच्या सालीलगतचे लाकूड पांढरट असते, ते ताण सोसते. गाभ्याचे लाकूड तांबूस, ते दाब सोसते. कारागीर काठी अशी काढतो की दोन्ही थर लांबीभर शेजारी शेजारी राहतील. ना सरस लागतो, ना जोड.

ही पारख फार जुनी आहे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शव सापडले. ‘ओट्झी’ म्हणतात त्याला. त्याच्याजवळ सहा फुटी, अर्धवट तासलेले धनुष्य होते, यूच्याच लाकडाचे. त्याहूनही जुने, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचे धनुष्य डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली मिळाले. ते एल्म या झाडाचे आहे. यू नसेल तिथे दुसरे काय चालेल, हेही तेव्हाच्या माणसांना ठाऊक होते.

इतक्या जुन्या लाकडाचे झाड कसे ओळखतात? लाकडाचा पापुद्र्याएवढा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. यू सूचिपर्णी गटातला, त्यामुळे त्यात एल्मसारखी पाणी वाहून नेणारी मोठी छिद्रे नसतात. पाईनमध्ये असतात तशा राळेच्या नळ्याही नसतात. उलट त्याच्या पेशींच्या आतल्या बाजूला स्प्रिंगसारखे बारीक वेढे दिसतात. हे सगळे जुळले की झाले निदान!

इंग्लंडच्या लांब धनुष्यांनी १३४६ साली क्रेसीला आणि १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच सैन्याची दाणादाण उडवली. पण ती धनुष्ये प्रत्यक्षात कशी होती हे नीट कळले ते एका बुडालेल्या जहाजामुळे. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांतले नावाजलेले जहाज १९ जुलै १५४५ रोजी बुडाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढला. समुद्रतळाच्या गाळात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये टिकून राहिली होती, सहा ते सात फूट लांबीची, सगळी यूची. ती पुरती खेचायला ४५ ते ८० किलोपर्यंत जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

त्याच १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाने धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक लिहून हेन्रीला अर्पण केले. हा गृहस्थ पुढे एलिझाबेथ राणीच्या लहानपणी तिचा शिक्षक झाला. आमच्याच व्यवसायातला, म्हणून मला त्याचे अगत्य अंमळ जास्त! धनुष्य विकत घेताना काय पाहावे हे तो एखाद्या अनुभवी वडीलधाऱ्यासारखा सांगतो. फांदीच्या लाकडात गाठी फार, म्हणून खोडाचे घ्यावे. हाताला जड लागावे, सरळ असावे, पीळ नसावा, गाठ नसावी, चीर नसावी.

आता या कथेची दुसरी बाजू. यू फार सावकाश वाढतो. थंड डोंगराळ मुलखात तर आणखी सावकाश, आणि नेमके तेच दाट वलयांचे लाकूड धनुष्याला सरस. इंग्लंडला ते घरचे पुरेना. मग १४७२ साली कायदा झाला की जहाजाने माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने दर टन मापामागे ४ धनुष्यकाठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४ साली गोड मद्याच्या दर पिंपामागे १० काठ्यांची सक्ती आली. हेन्रीच्या काळात मुलगा सात वर्षांचा झाला की बापाने त्याला धनुष्य घेऊन द्यायचे, असा नियम होता. मात्र सामान्य घरच्या पोरांना यूचे मिळत नसे. कारागिरांनी यूच्या प्रत्येक धनुष्यामागे एल्म, अ‍ॅश असल्या साध्या लाकडांची जास्त धनुष्ये करायची, असेही बंधन घातले.

तरी सोळाव्या शतकात बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या डोंगरांतून लाखोंनी काठ्या बाहेर गेल्या. कापण्याजोगा यू तिथे उरेनासा झाला. १५९५ साली इंग्लंडने आपल्या शिबंदीतून धनुष्य काढून बंदूक आणली. त्याला कारणे अनेक, पण त्यामुळे उरलेल्या झाडांवरची कुऱ्हाड थांबली हे खरे. कोणते झाड उत्तम हे राज्याला कळले होते. किती तोडावे, हे मात्र झाडे संपत आली तेव्हा कळले.

आपल्याकडे काय होते? कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार प्रकार दिलेत: ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी आहे. एकाच झाडावर भिस्त नाही, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते. सातपुड्यातल्या भिल्लांचे धनुष्य बांबूचे, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालपटाची असते. बांबूच्या पाठीकडे तंतू सगळ्यात दाट असतात, म्हणून तो ताण सोसतो. शिवाय तो पडला गवताच्या कुळातला. तीन-चार वर्षांत काठी जून होते आणि ती तोडली तरी बेट फुटत राहते. यूला तेवढ्या जाडीसाठी एक-दोन पिढ्या लागतात.

लाकडातले आपले नाव म्हणजे धामण. साप नव्हे, झाड! संस्कृतात याला ‘धन्वन’ म्हणतात, नावातच धनुष्य आहे. आमच्या गावचे सुतारकाका कुऱ्हाडीच्या दांड्याला धामणच शोधत. फांदी उचलून वजन घेत, टोकाकडून डोळा लावून रेषा सरळ जातात का पाहत, गाठ दिसली की बाजूला टाकत. अ‍ॅस्कमचे पुस्तक त्यांच्या बापजन्मी कुणी पाहिले नव्हते, पण कसोट्या त्याच! आणि एक झाड तोडले की दोन वर्षे त्या बाजूला ते फिरकत नसत. ते कुठेही लिहिलेले नव्हते, त्यांच्यानंतर पाळणाराही कोणी राहिला नाही.

आज दांडे बाजारात आयते मिळतात, धामण दाखवा म्हटले तर दाखवणारे थोडे. जे झाड ओळखताच येत नाही, ते नाहीसे झाले तरी कळणार कसे? म्हणून एक विनंती. तुमच्या गावाकडे धामण अजून आहे का, तिला तिथे काय म्हणतात, तिचे काय काय करत असत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला जरूर कळवा. नातवंडांना घेऊन एकदा ते झाडही बघून या.