शनिवार ते सोमवार

ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे जुनी माणसे ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात. हलके खरे, पण हातातून निसटले की पोचा आलाच. या मऊ धातूला विमानाचा सांगाडा पेलण्याइतके बळ मिळाले ते मात्र खरोखरच जर्मनीत. आणि ज्याच्या हातून मिळाले, त्याला त्याचे कारण ठाऊक नव्हते.

आल्फ्रेड विल्म हा धातुतज्ज्ञ बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधन केंद्रात काम करत होता. काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना हलका पर्याय शोधायचा होता. आपला लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवतो, त्याला ‘पाणी पाजणे’ म्हणतात. पोलाद त्याने तिथल्या तिथे कडक होते. विल्मने तोच उपाय ॲल्युमिनियमवर करून पाहिला. १९०६ साली त्याने सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम मिसळलेला धातू ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून झटकन थंड केला. शनिवारी मोजलेला कठीणपणा बेताचाच होता. सोमवारी पुन्हा मोजला, तर आकडा बराच चढलेला! मधल्या काळात त्या तुकड्याला कोणी हातही लावला नव्हता.

उपकरणाला दोष देऊन मोकळे होता आले असते. विल्मने मात्र प्रयोग पुन्हा पुन्हा केले. ही वाढ काही दिवस चालू राहते, असे त्याला आढळले. १९०९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ड्यूरेन येथील कारखान्याने हा धातू ‘ड्युरालुमिन’ या नावाने बाजारात आणला. त्याची ताकद शुद्ध ॲल्युमिनियमच्या सुमारे चौपट होती. झेपेलिनचे सांगाडे त्याचे झाले. १९१९ मध्ये उडालेले युंकर्स एफ १३ हे प्रवासी विमानही त्याचेच.

कारागिरांनी या धातूचा स्वभाव ओळखला होता. पाणी पाजलेले रिव्हेट मऊ असतानाच ठोकावे लागत. म्हणून पुढे ते बर्फात किंवा शीतपेटीत ठेवू लागले. थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते.

कारण उलगडायला मात्र वेळ लागला. १९१९ मध्ये अमेरिकेत पॉल मेरिका आणि सहकाऱ्यांनी तर्क मांडला: तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांबे अधिक विरघळते, एकदम थंड केल्यावर ते आत अडकते आणि मग हळूहळू सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होते. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. हे कण त्या सरकण्याला अडवतात. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने तांब्याच्या त्या अतिसूक्ष्म चकत्यांचा माग काढला.

विल्म तेव्हा हयात नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर त्याने धातुशास्त्र सोडून शेती पत्करली होती. १९३७ मध्ये तो वारला.

या कथेला एक पुरवणी आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील इंजिनाचा साचा ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या ओतीव मिश्रणाचा होता. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातही तांब्याचे असेच सूक्ष्म कण आढळले. म्हणजे विल्मच्या आधीच हे घडत होते, पण कोणाच्या ध्यानात आले नव्हते. विल्मलाही त्याचे स्पष्टीकरण देता आले नाही. त्याने फक्त सोमवारी पुन्हा मोजले आणि आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. शोधाचा मान त्याला द्यायला एवढे पुरेसे आहे, असे मला वाटते.