खुशरू लॉजमधली लस

मुंबईच्या इतिहासात १८९६ हे साल मरणाचे साल म्हणून नोंदले गेले आहे. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रुग्णांचा आजार ओळखला आणि हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, असे जाहीर केले. पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. माणसे शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, आणि त्याच वर्षी जून महिन्यात रँडचा खून झाला. शाळेच्या पुस्तकात रँड येतो. तो यायलाच हवा. पण त्याच काळात मुंबईत प्लेगवरची पहिली परिणामकारक लस तयार झाली, तिला जागा कुणी दिली, पैसा कुणी दिला, हे मात्र पुस्तकात सापडत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवतो, म्हणून ही उणीव आम्हाला जास्त टोचते.

लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन हे ओडेसात १८६० साली जन्मलेले ज्यू. झारच्या राज्यात ज्यूंना विद्यापीठाचे दरवाजे सहजी उघडत नसत. ते पॅरिसला गेले आणि पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना आधी ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी मिळाली. तिथेच त्यांनी पटकीवरची लस काढली, स्वतःला टोचून घेतली आणि ती घेऊन ते हिंदुस्थानात आले. प्लेगची बातमी पसरली तेव्हा सरकारने त्यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावले.

सरकारने त्यांना दिले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिच्या बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई! जगातल्या सर्वांत श्रीमंत साम्राज्याची ही उदारता. बरे, ती खोली ज्या प्रयोगशाळेत होती तिलाही फ्रामजी दिनशा पेटिट या पारशी दात्याचे नाव होते. शेजारचे जे.जे. रुग्णालय १८४५ साली उघडले तेही सर जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या पदरचे लाख रुपये घातले म्हणून. म्हणजे मुंबईत वैद्यकात नवे काही सुरू व्हायचे तर आधी एखाद्या शेटजीची थैली सुटायची आणि सरकार मागून यायचे, असाच रिवाज होता. पुढे १९२६ साली परळला के.ई.एम. आणि त्याला जोडून गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघाले. तेव्हा देणगीदाराच्या विश्वस्तांनी शिकवणारे हिंदी असावेत अशी अट घातली. दात्याची अट काय करू शकते, याचे हे चांगले उदाहरण.

हाफकिन यांच्या त्या खोलीत लस कशी बनत होती, हे वाचण्यासारखे आहे. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत, मग बाटली हलवायची की ते तळाशी बसत. असे काही आठवडे चालल्यावर ते जंतू उष्णतेने मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. रस्सा गाईचा नको, डुकराचा नको, म्हणून बकऱ्याचे मांस वापरले. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही मनाचा विचार प्रयोगशाळेत झाला होता, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी राजीखुशीने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले आणि दोघेही वाचले.

तरीही लोक लस घ्यायला धजत नव्हते. सरकारी माणूस सुई घेऊन आला म्हणजे विष घेऊन आला, अशी अफवा होती. इथे आगाखान तिसरे, सर सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. वय जेमतेम विशीचे. त्यांनी माझगावातला आपला खुशरू लॉज हा भलामोठा वाडा हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी मोकळा करून दिला. जागेसाठी इकडून तिकडे हलणाऱ्या त्या लहानशा चमूला अखेर हातपाय पसरायला जागा मिळाली. पण आमच्या मते याहून मोठी देणगी दुसरीच आहे. आगाखानांनी चारचौघांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि ही खबर आपल्या जमातीत दूरवर पोहोचेल याची काळजी घेतली. हजारो खोजे लस घ्यायला आले. वाडा देणे सोपे आहे. दंड पुढे करणे अवघड!

याच्या उलट चित्रही याच शहरात, याच मुसलमानांत दिसले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात तपासणी पथक एका आजारी मुलीच्या घरी पोहोचले. जुलाहे विणकर आडवे आले, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. काही जण या विणकरांना अडाणी म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. खोजा व्यापाऱ्याच्या दारी त्याचा स्वतःचा इमाम लस घेऊन आला होता. विणकराच्या दारी शिपाई आला होता, आणि त्याच्या घरातली लेक उचलून न्यायला आला होता. गरिबाकडे जाताना सरकारने पैसा खर्चला तो पथकांवर, विश्वासावर नाही.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि सरकारने खर्च पूर्णपणे अंगावर घेतला. इथून पैसा वाढला तशी घाईही वाढली. १९०२ साली पंजाबात लाखो लोकांना टोचायचे ठरले आणि परळवर मागणीचा डोंगर कोसळला. उत्पादन वाढावे म्हणून पद्धतीत बदल झाले, कार्बोलिक आम्ल वगळले गेले. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट साक्षीत आली होती, पण तिकडे लक्ष द्यायला वर्षे गेली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये आवाज उठवला, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

आता थोडे आपल्या घरचे. इस्पितळ चालवण्यासाठी वक्फ करणे ही आपली जुनी रीत. दमास्कसला नूरुद्दीन यांनी ११५४ साली बीमारिस्तान उभारले. पुढे कलावून तिथल्या औषधाने बरे झाले, आणि सुलतान झाल्यावर त्यांनी १२८४ साली कैरोत त्याहून मोठे बीमारिस्तान बांधले. हकिमांचा पगार आणि रुग्णांचे औषध वक्फच्या उत्पन्नातून. या परंपरेचे वारस म्हणवणारे आपण आज रुग्णवाहिका देतो, औषधे वाटतो, मिनार उंच करतो. प्रयोगशाळेला वक्फ केलेली इमारत मात्र शोधावी लागते. अपवाद आहे तो हकीम अजमल खान यांचा. त्यांनी दिल्लीत हिंदुस्तानी दवाखान्याच्या कमाईवर तिब्बिया कॉलेज चालवले आणि युनानी औषधांचे रासायनिक संशोधन व्हावे म्हणून सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण शास्त्रज्ञाला बोलावले. हकीमसाहेब १९२७ साली गेले. चार वर्षांनी सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला नाव दिले अजमलीन. हृदयाचे ठोके बिघडतात तेव्हा डॉक्टर ते आजही वापरतात. औषधाच्या नावातून दाता जिवंत राहिला, असे भाग्य किती जणांचे?

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले. ते तेव्हा हयात होते, पण मुंबईपासून फार दूर. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभर एकेक खोली मागत फिरलेल्या या शास्त्रज्ञाने आपली सगळी पुंजी कशासाठी ठेवली असेल? प्रयोगशाळेसाठी नव्हे, पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू मुलांच्या धार्मिक पाठशाळांसाठी. त्या मुलांना धर्माबरोबर एखादा हुन्नर आणि विज्ञानही शिकवले जावे, अशी त्यांची इच्छा होती.