रेल्वेच्या डब्यातला एकच पेला

ट्रेनमध्ये शेजारच्याने पाणी मागितलं की आपण बाटली देतो आणि हळूच म्हणतो, "वरून प्या हं." आता विचार करा, अख्खा डबा एकाच पेल्याला तोंड लावून पाणी पितोय!

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत असंच होतं. डब्यात पाण्याची टाकी आणि तिच्याजवळ सगळ्यांसाठी एकच पेला. कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांनी प्रवासात पाहिलं, की टीबीचे पेशंट त्यातून पाणी प्यायले आणि मग एका लहान मुलीने तोच पेला तोंडाला लावला.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. म्हणजे माहिती होती, तरी पेला तिथेच! शेवटी १९०९ मध्ये कॅन्ससने रेल्वेत आणि सार्वजनिक जागी असे पेले ठेवायला बंदी घातली. मग प्यायचं कशातून? बोस्टनच्या लॉरेन्स ल्युएलन यांनी नुकताच कागदी कप काढला होता. तोच पुढे, १९१९ पासून, 'डिक्सी कप' म्हणून गाजला.

टीबी मुख्यतः हवेतून पसरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण लाळेतून पसरणारे आजारही कमी नाहीत, त्यामुळे बंदी फुकट गेली नाही.

मी कोड लिहिणारा माणूस, मला यातलं एकच पटतं. नुसतं "काळजी घ्या" सांगून सत्तावीस वर्षं काही हललं नाही. पेला काढला, हातात कप दिला, तेव्हा सवय बदलली. तुमच्या ऑफिसच्या माठावरही एकच पेला आहे का? बघा जरा!