कडी निसटली तर?

युरोप-अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत मोटारींच्या मागे चाकांवरची छोटी घरे जाताना दिसतात. आत झोपायला बाके, स्वयंपाकाची शेगडी, पाण्याची टाकी अशी सर्व सोय असते. इंजिन मात्र नसते. या घरांना तिकडे कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर म्हणतात. मोटार आणि हे घर यांना जोडणारा सांधा म्हणजे मोठ्या लिंबाएवढा एक पोलादी गोळा आणि त्यावर घट्ट बसणारी वाटी. या सांध्याखाली बहुधा साखळी किंवा एक बारीक तार लोंबत असते. तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण ‘कडी निसटली तर काय?’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे आणि त्यामागच्या विचाराला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

वेग वाढला, धोका वाढला

केवळ भटकंतीसाठी बांधलेले पहिले फिरते घर म्हणून ‘वाँडरर’चा उल्लेख केला जातो. १८८५ मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी ते इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बांधून घेतले. ते दोन घोडे ओढत. वेग माणसाच्या चालीचा, त्यामुळे उतारावर चाक अडवले की काम भागे. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारींनी घेतली आणि गणित बदलले.

समजा, १५०० किलोग्रॅम वस्तुमानाचा ट्रेलर ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालला आहे. त्याची गतिज ऊर्जा ½ × १५०० × २० × २० = ३,००,००० ज्यूल. तोच ट्रेलर सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजली इमारतीवरून खाली पडला तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा एवढीच असेल. कडी निसटल्यावर ही ऊर्जा घेऊन तो चालकाविना धावत सुटतो.

रेल्वेने मोजलेली किंमत

हा प्रश्न रेल्वेला आधी पडला. सुरुवातीला निरनिराळ्या डब्यांवरील माणसे हाताने चाक फिरवून ब्रेक लावत. १८६९ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी इंजिनातून नळीवाटे दाबाखालील हवा पाठवून सर्व डब्यांचे ब्रेक लावण्याची पद्धत शोधली. तिच्यात एक उणीव होती. नळी तुटली की हवा पोहोचत नसे आणि नेमक्या संकटाच्या वेळी ब्रेक निकामी होत.

वेस्टिंगहाउस यांनी काही वर्षांतच ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी ठेवली. नळीत पुरेसा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे राहत. दाब घटला की टाकीतली हवा ब्रेक लावी. म्हणजे नळी तुटली, तर गाडी आपोआप थांबणार!

उपाय हाती होता, पण खर्चाचे कारण पुढे करून अनेक कंपन्या तो टाळत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाहून मुले आणि पालक यांची सहलीची गाडी निघाली. तिला निर्वात ब्रेक होते, पण ते आपोआप लागणारे नव्हते. नळी सुटली की ते सुटत. चढावर इंजिन अडले, म्हणून गाडीचे दोन भाग करून पुढचे डबे आधी नेण्याचे ठरले. मागचे दहा डबे केवळ गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांमागे लावलेल्या दगडांवर उभे राहिले. इंजिनाकडील भाग किंचित मागे सरकला, धक्का बसला आणि ते डबे उतारावरून धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनेक मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

तीच युक्ती रस्त्यावर

युरोपातील बहुतेक कॅरॅव्हॅनचे ब्रेक जडत्वावर चालतात. मोटार मंदावली की मागचा ट्रेलर तिला ढकलतो. हा दाब दांड्यातून ब्रेकपर्यंत पोहोचतो. पण कडी निसटल्यावर ढकलायला पुढे काही उरतच नाही. म्हणून बारीक तारेचे एक टोक मोटारीला आणि दुसरे ट्रेलरच्या हातब्रेकला जोडतात. ट्रेलर सुटला की तार ताणली जाते, हातब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. ब्रेक नसलेल्या हलक्या ट्रेलरला मात्र साखळीच धरून ठेवते.

अमेरिकेत विजेचे ब्रेक अधिक प्रचलित आहेत. तेथे तार एक खुंटी उपसते आणि ट्रेलरवरची बॅटरी ब्रेक लावते. व्यापारी वाहनांसाठीच्या तेथील नियमानुसार हे ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत.

येथे एक सूक्ष्म फरक आहे. वेस्टिंगहाउसच्या नळीला मोठी गळती लागली तर गाडी हलतच नाही. दोष स्वतःच ओरडून सांगतो. ट्रेलरची बॅटरी उतरली तर कोणालाच कळत नाही. दोष गुपचूप बसून राहतो. म्हणून प्रवासापूर्वी खुंटी उपसून ब्रेक लागतो का, हे तपासावे लागते.

वर्गासाठी

आगगाडीतील धोक्याची साखळी याच तत्त्वावर चालते. ती ओढली की ब्रेकच्या नळीतला दाब बिघडतो आणि ब्रेक लागू लागतात. प्रेशर कुकरची वितळणारी सुरक्षा-झडप, घरातला फ्यूज यांची कामेही विद्यार्थ्यांना या दृष्टीने तपासायला सांगावीत. प्रत्येक साधनाबाबत दोन प्रश्न विचारावेत: बिघाड झाला तर ते सुरक्षित बाजूला झुकते का? आणि ते साधनच बिघडले तर आपल्याला कळते का?

मग त्यांना रस्त्यावर नजर टाकू द्यावी. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉली जाताना दिसतात. अनेकींना स्वतःचे ब्रेक नसतात; जोड टिकतो तो एका खिळीवर. त्याच रस्त्याने मुले सायकलवरून शाळेत येतात. ती खिळी निसटली तर काय, हा प्रश्न त्यांनीच विचारायला हवा.